आजोबा अजून पाणी पितात

नाही नाही, दचकू नका ताई, तो ड्रॉवर आहे — म्हणजे ड्रॉवरमधले फोन आहेत, पाणी प्यायची वेळ झाली ना, म्हणून सगळे एकदम किणकिणले. बसा तुम्ही, त्या स्टुलावर बसा, हलतं जरा पण पडत नाही. एवढं उरकते आणि मग तुमच्या बॅगेकडे बघते — हा बेकरीवाल्याचा, प्याला... ह्या नर्सबाई, प्यायल्या... ह्या दोघी बहिणी, थोरली, धाकटी... — हसताय? हसा, पहिल्यांदा बघणारा हसतोच. हे बघा, पडद्यावर पेला येतो, त्यावर बोट ठेवलं की तो निळा निळा भरत जातो आणि खाली लिहून येतं, ‘शाब्बास!’ कुणी प्यायलं नाही, कुणाची तहान भागली नाही, तरी शाब्बास. झालं. आणा बघू ती बॅग. — अहो, चेन कुठे गेलीये, रनर सैल पडलाय नुसता, दाते शाबूत आहेत सगळे. दुसऱ्या कुणाकडे गेला असतात तर अख्खी चेन उसवून बसला असता. रनर बदलते, आणि हा पट्टाही उसवत आलाय, तो दुहेरी शिवून देते. घाई नाही ना? नसली तर बरं.

फोन कुणाचे? चोरीचे नाहीत हो! सगळे ह्याच गल्लीतल्या लोकांचे, जुने, घरात पडून होते ते. आणि माझ्याकडे का, तर — आता काय सांगू, लेकीसाठी. लेक माझी जाहिरातीत आहे. भिंतीवरच्या नाही, फोनमधल्या. ‘घोट’ म्हणून ॲप आहे, ऐकलंय? — हां, ऐकलं असेल. दिवसभर माणसाला पाणी प्यायची आठवण करतं. मी म्हटलं, अगं, त्यासाठी तहान लागते ना माणसाला? तर म्हणाली, आई, लोक तहान विसरलेत. मी म्हटलं, बरं बाई, विसरले असतील.

हे सगळे शब्द तिनंच शिकवले मला, तुम्ही बसलात ना, तिथंच बसून. म्हणाली, समोरून माणसं जातात आणि तुझी पाटी त्यांच्या नजरेखालून जाते, ते इम्प्रेशन. म्हटलं, पण त्यांनी वाचली की नाही कसं कळणार? म्हणाली, वाचायची गरज नाही, दिसली की मोजायची. म्हटलं, मग माझं दुकान फारच जोरात चाललंय म्हणायचं! — एखादा थांबून आत डोकावला, ‘शिवून मिळेल का?’ म्हणाला, तर तो क्लिक. बॅग ह्या फळीवर ठेवली की इन्स्टॉल. आणि पाटीबिटी न बघता आपल्या पायानं आला तो ऑर्गॅनिक. तुम्ही ऑर्गॅनिक, ताई! नाही? कुणी पाठवलं का तुम्हाला? — असो, असो, मला काय, बॅग आली म्हणजे झालं. तर हे सगळं सोपं असतं म्हणे, पैसे ओतले की माणसं येतात. खरी मेख पुढे आहे. रिटेन्शन. आलेला उद्या येतो का, आठवड्यानं येतो का, महिन्यानं येतो का. आणि येत नाही तो चर्न. मी म्हटलं, म्हणजे गिऱ्हाईक तुटलं. म्हणाली, हो, पण आमच्याकडे तसं म्हणत नाहीत. तसं म्हटलं की वाईट वाटतं.

हुशार आहे हो. शिकली भरपूर, मीच शिकवली ह्या मशीनवर. पण नशीब बघा — पहिली कंपनी बुडाली, दुसरीत — जाऊ दे दुसरीतलं. घरी आली आणि वरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपली. किती दिवस? दिवस कसले, वर्ष म्हणा. मी खालून हाक मारायची, ‘जेवायला ये गं,’ तर ‘हो’ म्हणायची. यायची नाही. नुसतं ‘हो’. आत कुणी नसताना दार वाजावं तसं. तिचं कपाळ टेकायचं तिथं भिंतीवर डाग पडला, तेलकट, वाटीएवढा. अजून आहे. घर रंगवलं तेव्हा रंगारी म्हणाला, बाई, हा घासून काढतो, तर मी म्हटलं, तेवढा राहू दे. का म्हटलं कोण जाणे. विसरू नये म्हणून असेल.

मग ही नोकरी लागली. तिकडे, तीन तासांवर. गेली, खोली घेतली, फोनवर चांगली बोलायला लागली — आणि कंपनीनं प्रत्येक नव्या माणसाला एकेक भाग वाटून दिला, तर हिला दिला आपलाच. म्हणाले, तू तिथलीच, तुला माणसं ठाऊक. जाहिराती सोडल्या. लोकांनी दाबलं, घेतलं, आणि दोन-तीन दिवसांत काढून टाकलं. ठेवणार कोण? तासातासाला किणकिण! बेकरीवाला मला तोंडावर म्हणाला, पाणी प्यायला मला फोनची परवानगी लागते का? आणि तिकडे हिच्या मॅडम — मॅडम आहेत एक तिच्यावर, मी पाहिलं नाही कधी, पण तिच्या आवाजावरून कळतं आज मॅडमनी बोलावलं होतं की नाही — त्या म्हणाल्या, तुझा भाग म्हणजे भोक पडलेली बादली आहे. माणसं टिकव, नाहीतर बघ. एका संध्याकाळी मी फोनवर विचारलं, जेवलीस का गं? तर म्हणाली, ‘हो.’ — तेच ‘हो’, ताई. तेच. मी ओळखलं.

मी चप्पल घातली आणि बेकरीवाल्याकडे गेले. म्हटलं, माझं एक काम कर. तो म्हणाला, उधारी बंद आहे. म्हटलं, उधारी नको, पाणी पी. — असं करत गल्लीभर फिरले. नर्सबाई, दोघी बहिणी, चावीवाला, शाळेतून रिटायर झालेले मास्तर, सगळे. सगळ्यांनी लहानपणापासून बघितलंय तिला, मास्तरांनी तर पाढे शिकवलेत. घेतलं परत सगळ्यांनी. आठवडाभर दाबलं. मग बेकरीवाला म्हणाला, पिठाच्या हातानं किती वेळा दाबू, घरात जुना फोन आहे, तोच तुमच्याकडे ठेवा. नर्सबाई म्हणाल्या, वॉर्डात फोन चालत नाही, माझाही ठेवा. चावीवाल्यानं तर न विचारताच आणून टाकला. एकेक करत सगळ्यांची तहान माझ्या ड्रॉवरमध्ये आली. मी लेकीला एकदा सहज विचारून घेतलं होतं — एका घरात दोन फोन असले तर किती माणसं धरतात गं? तर म्हणाली, आई, आम्हाला माणूस दिसतच नाही, फोन दिसतो. म्हटलं, बरं झालं.

ती पक्कड द्या जरा इकडे. — हां. हा रनर बघा, पितळी आहे, हल्ली मिळत नाही असला.

आणि एक दिवस फोन आला. ‘आई! आपला भाग वर गेला! सगळ्यांच्या वर!’ आणि हसली हो. मोठ्यानं हसली. मी इथं खाली बसले, फरशीवर, त्या चिंध्यांत, आणि फोन कानाला लावून नुसतं ऐकत राहिले. काय बोलत होती काही कळत नव्हतं, मला कशाला कळायला हवं? हसत होती ना.

तेव्हाच थांबायला हवं होतं? सगळे म्हणतात, मास्तरही म्हणाले, आता हळूहळू बंद करा. अहो, पण बंद कसं करायचं? हळूहळू म्हणजे कसं? रोज सकाळी तिच्यापुढे तो आकडा जातो. मी एक दिवस पडून राहिले तापानं, नुसता एक दिवस, तर संध्याकाळी पोरगी फोनवर, ‘आई, आज काय झालंय आपल्याकडे, वीज गेली होती का?’ तशीच उठले, अंगात कणकण, आणि बसले दाबत. माझ्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तिनं किती बोलावलं, गेले नाही. काम आहे म्हटलं. ती बोलत नाही आता माझ्याशी. दुकान सोडून कोपऱ्यापर्यंत जायचं तर घड्याळ बघून जाते. — मी? मी कुठे पाणी पिते! इथं मागे संडासाची सोय नाही, बेकरीत जावं लागतं, म्हणून सकाळपासून घोटसुद्धा घेत नाही. हसू नका, खरंच सांगते.

आणि मग बढती दिली तिला. तीच तर भानगड झाली. आपल्या भागात जमलं ना, मग आता असे दहा भाग घे. काहीतरी म्हणतात बघा — लुकअलाइक! म्हणजे आमच्यासारखी माणसं शोधायची. ह्या बेकरीवाल्यासारखे, ह्या नर्ससारखे, ह्या म्हाताऱ्या मास्तरांसारखे शोधून आण असं यंत्राला सांगायचं, आणि ते आणतं. आणले. त्यांच्यावर जाहिराती ओतल्या. एक टिकेना. टिकणार कसा? प्रत्येक गावात मी थोडीच बसलेय ड्रॉवर घेऊन! — आणि तिला समोर बसवून विचारतात, तिथं जे केलंस ते इथं कर. तिला कुठे ठाऊक आहे आपण काय केलं! ती रात्ररात्र जागून मजकूर लिहिते, कोणता शब्द चालला, कोणता नाही, दोन-दोन पद्धतींनी लिहून बघते. ‘घसा कोरडा पडला का?’ असं लिहिलं तर आपल्याकडे सगळ्यांनी उघडलं, तिकडे कुणी नाही. सगळ्यांनी उघडलं म्हणजे मी उघडलं. मी तर वाचतही नाही, नुसती दाबत जाते. पोरगी त्यात अर्थ शोधत बसलीये.

घरी येत नाही आता. येते-येते म्हणते.

तो? तो वेगळा ठेवलाय, तो फडक्यातला. तो राहू द्या. — वरच्या आजोबांचा आहे. कशाला विचारलंत... बरं, विचारलंत तर सांगते. ह्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहायचे, एकटे. मुलगा तिकडे, लेकीच्याच शहरात. सगळ्या गल्लीत खरं पाणी पिणारे तेवढेच. ॲपमध्ये नावाच्या जागी ‘आजोबा’ एवढंच भरलं होतं त्यांनी. फोन स्वतःजवळ ठेवायचे, किणकिणला की उठायचे, माठातून पेला भरायचे, उभ्यानं नाही, बसून प्यायचे आणि मगच बोट ठेवायचे. मला म्हणायचे, ‘बाई, दिवसातून इतक्यांदा कुणीतरी विचारतं हो, पाणी प्यायलात का म्हणून.’ मी त्यांना सांगितलं होतं, ते माझी लेक लिहिते. तर खाली आले की म्हणायचे, आज तुमच्या मुलीनं मला विसराळू म्हटलं बरं का! इतके खूश असायचे.

गेले. झोपेतच गेले. मुलगा आला, खोली रिकामी केली, आणि फोन घेऊन खाली आला — ‘काकू, ह्याचं काय करू?’ मी म्हणायला हवं होतं, बंद कर. तोंडाशी आलं होतं. पण तेव्हाच तो वाजला, त्याच्या हातात. ‘आजोबा, आज विसरलात का?’ — त्यानं वाचलं, आणि त्याचा चेहरा... मी म्हटलं, राहू दे माझ्याकडे. असू दे आठवण.

आठवण कसली! दाबते मी. रोज दाबते. सगळ्यांच्या शेवटी दाबते, तोंड दुसरीकडे करून. माणूस गेला ताई, पण चर्न झाला नाही. आणि लेक मला फोनवर विचारते, ‘आई, वरचे आजोबा कसे आहेत?’ तर मी म्हणते, मजेत. म्हणजे काय म्हणणार? गेले म्हटलं तर मग त्यांच्या फोनवर पाणी कोण पितंय हे सांगावं लागेल, आणि ते सांगितलं की बेकरीवाला, नर्सबाई, मास्तर, सगळंच उसवत येणार. एक टाका ओढला की... जाऊ दे. झाला बघा पट्टा. ओढून बघा, जोरात ओढा. आता ह्या पट्ट्याला काही होत नाही.

काय म्हणत होते मी? हां, टिकणं. आमच्या गल्लीतलं टिकणं किती आहे सांगितलं तर तुम्हाला खोटं वाटेल. — ब्याण्णव, हो, ब्याण्णव टक्के! महिन्यानंतरसुद्धा! आहे का कुठे असं? अख्ख्या —

थांबा.

मी आकडा सांगितला नव्हता. मी म्हटलं ‘किती आहे सांगितलं तर’, आणि तुम्ही म्हणालात ब्याण्णव. तो आकडा पेपरात येत नाही, ताई. तो फक्त तिला माहीत असतो, मला असतो आणि —

तुम्ही मॅडम.

असं बघा मॅडम, मी आपली बडबडते. दिवसभर दुकानात एकटी असते, माणूस दिसलं की काहीबाही सांगत सुटते, गल्लीत कुणालाही विचारा. हे फोन दुरुस्तीला आलेत. म्हणजे — नाही. कशाला आता. तिला ह्यातलं काही ठाऊक नाही, मॅडम, गळ्याशपथ सांगते, तिचा ह्यात काही हात नाही, सगळं माझं. तिला नका काढू. तुम्हाला ठाऊक नाही ती कशी होते, मी पाहिलंय. तुम्ही फक्त — नाही, काढा! काढा तिला. आज काढा. खरं सांगू, तुम्ही आत आलात तेव्हापासून मला बोलावंसंच वाटत होतं, कुणीतरी यावं आणि हा ड्रॉवर उपडा करावा असं मला कितीतरी दिवसांपासून — काढा, मी सांभाळीन तिला, घरी वरची खोली आहे. मी गरम जेवण घेऊन वर जाईन, हाका नाही मारणार खालून. तुम्ही सांगून टाका ऑफिसात, ह्या बाईनं फसवलं म्हणून. पोलिसात द्यायचं तर द्या. मोकळं करा आम्हाला.

काय? — नाही, तिला नाही माहीत. — कधीपासून?

आजोबांच्या मुलानं सांगितलं तिला? तिकडेच भेटला असेल, हो. वडील गेले म्हणून सांगितलं, आणि त्याच दिवशी दुपारी आजोबांनी पाणी प्यायलं. हं. तेवढ्यावर ओळखलं तिनं. हुशारच आहे. मग बाकीचे फोनही बघितले, सगळे एकाच जागेवरून, एकामागून एक... आणि तुमच्याकडे आली. लगेच? दुसऱ्याच दिवशी? — ‘हे खोटं आहे, मी सोडते’ असं म्हणाली? माझी पोरगी असं म्हणाली?

आणि तुम्ही काय म्हणालात?

नाही, नीट सांगा. कंपनी विकायचीये, घेणारे आमचा भाग बघून घेताहेत, ते कळलं मला, एवढी अडाणी नाही मी. तुम्ही तिला काय म्हणालात ते सांगा. — ‘तुझ्या आईचं नाव पुढे येईल.’ असं. आणि मला कळू द्यायचं नाही, कळलं तर मी बंद करीन. बरोबर आहे, केलं असतं. म्हणजे एवढे महिने तिला ठाऊक होतं, आणि ती मला विचारत होती, आजोबा कसे आहेत. मी म्हणत होते, मजेत. आणि ती म्हणत होती... काय म्हणत होती बरं? ‘हो,’ म्हणत होती. ‘हो का,’ म्हणत होती. मी ऐकलंच नाही नीट. माझं लक्ष फोनांकडे.

म्हणून येत नाही घरी.

आणि आज तुम्ही कशाला आलात? बघायला? — गाडीत? कसलं खोकं? ... अजून फोन? हे एवढे पुरत नाहीत? शेजारच्या दोन भागांचे पण मीच दाबायचे, महिनाभर, मग सुटका? दोन मुली मदतीला द्याल? अहो, केवढी काळजी घेताय माझी! मॅडम, तुम्ही इथं मघापासून बसलात, बॅग शिवून घेतलीत, आजोबांचं ऐकलंत, मान हलवत होता तुम्ही, मला वाटलं, बाईच्या डोळ्यांत पाणी आलं की काय — आणि बाहेर गाडीत खोकं होतं.

नाही, ड्रायव्हरला बोलावू नका. ते आत आणायचं नाही. मी सांगते ना, आणायचं नाही! त्या पायरीवर ठेवलं तर मी रस्त्यात फेकीन.

पर्समधला हात काढा. शिलाईचे पैसे नकोत मला. गाडी परत तिकडेच जाणार ना? तिच्या ऑफिसावरूनच ना? मग थांबा, शटर ओढते, मी येतेय तुमच्याबरोबर. — का म्हणजे? माझं नाव पुढे येणार होतं ना, मग माझी मीच येते. तिच्यासमोर उभी राहून सांगते, चल घरी, आणि तिथं जे कुणी घेणारे-बिणारे बसले असतील त्यांनाही सांगते, बेकरीवाला पाणी पीत नाही म्हणून. मग त्यांना काय करायचं ते करोत. तिला भिंतीकडे तोंड करून झोपायचं असेल तर झोपू दे. मी शेजारी आडवी होईन.

फोन? राहू द्या तिथंच. वाजतील.

सरका, मला कुलूप घालू द्या. ते खोकं मागे ठेवायला सांगा, मी पुढे बसते. आणि एक ऐका, मॅडम, तीन तासांचा रस्ता आहे — वाटेत माझ्याशी एक अक्षर बोलायचं नाही. मीही बोलणार नाही.